शोभेचा भुईमूग: जमीन झाकणारं सदाहरित फुलझाड कसं लावावं

घराच्या बागेत काही जागा अशा असतात की तिथे लॉन जगत नाही आणि मोकळी सोडली तर तण माजतं. मोठ्या झाडाखालची अर्धसावली, कुंपणालगतची दोन वीत रुंदीची पट्टी, गवत कापायचं यंत्र फिरवताच येत नाही असा उतार. अशा ठिकाणी जमिनीलगत पसरणारं, बारा महिने हिरवं राहणारं आणि वर फुलंही देणारं काहीतरी हवं असतं. तुमच्याकडे हिवाळ्यात पाणी गोठेल इतकी थंडी पडत नसेल, तर माझी पहिली पसंती शोभेच्या भुईमुगाला. नर्सरीत तो ‘पिंटो पीनट’ किंवा नुसता ‘अरॅकिस’ या नावाने मिळतो.

या झाडाची तारीफ बहुतेक वेळा एकाच वाक्यात होते: एकदा लावा, मग तण उगवतच नाही. हे अर्धंच खरं आहे. जमीन पूर्ण झाकली गेली की तणाच्या बियांपर्यंत ऊन पोचत नाही, हे बरोबर. पण ती झाकली जायला उबदार हवेत आणि वेळेवर पाणी मिळालं तरी तीन ते सहा महिने लागतात, आणि तेवढ्या काळात तण या झाडाच्या कितीतरी पुढे धावतं. म्हणून लावणीचा दिवस हा यातला सगळ्यात सोपा भाग. खरी मेहनत त्याच्या आधीची आणि नंतरच्या काही महिन्यांची.

झाड कसं वाढतं ते आधी बघून घ्या

हे मूळचं ब्राझीलचं. जेराल्डो पिंटो यांनी १९५४ मध्ये तिथल्या बाहिया राज्यात ते गोळा केलं, आणि त्यांच्याच नावावरून पुढे त्याला अरॅकिस पिंटोई म्हटलं गेलं. शास्त्रीय वर्णन क्रापोविकास आणि ग्रेगरी यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलं, पण त्याच्या कितीतरी आधी, १९८७ मध्ये, ऑस्ट्रेलियात त्याचा ‘अमारियो’ हा वाण चाऱ्यासाठी प्रसारित झाला होता. चाऱ्याचं पीक असल्याचा बागेत फायदा असा की छाटणीला ते अजिबात घाबरत नाही. गुरांनी खाल्लं, तुडवलं तरी पुन्हा फुटायची त्याला सवय आहे.

फांद्या जमिनीवर आडव्या धावतात आणि जिथे पेर ओल्या मातीला टेकतं तिथे मुळं फुटतात. उंची साधारण वीतभर. दाट सावलीत किंवा बरेच दिवस छाटलं नाही तर थोडी जास्त. पानाला चार पर्णिका, म्हणजे एका पानाचे चार छोटे भाग, दोन-दोनच्या जोडीत. संध्याकाळ झाली की त्या मिटतात. कडक उन्हात आणि पाण्याची ओढ बसल्यावरही मिटतात. त्यामुळे संध्याकाळी झारी घेऊन आलेला नवखा माणूस मिटलेली पानं बघतो, झाड सुकलं असं समजतो आणि गरज नसताना पाणी ओततो. तहान बघायची ती सकाळी. सकाळी उन्हं चढण्याआधीही पानं मिटलेलीच असतील तर पाणी द्या.

फुलं पिवळीधमक आणि लहान. एक फूल एका दिवसाचंच, पण रोज नवी येत राहतात. एखादं फूल अगदी खालून, पानाच्या बगलेतून अलगद काढून बघा. ज्याला आपण देठ म्हणतो ती खरं तर फुलाचीच बारीक, लांब नळी असते. बीजांडकोश तिच्या तळाशी, पानाच्या बगलेत लपलेला असतो. फळधारणा झाली की तिथूनच आरी, म्हणजे टोकदार बारीक देठ, निघते, खाली वाकते आणि मातीत शिरते. शेंग मातीतच धरते, बहुतेक एकदाणी आणि चिमुकली. शेतातल्या भुईमुगाचाच हा भाऊबंद आहे, पण शेंगांसाठी हा कुणी लावत नाही. या शेंगांचा मुद्दा शेवटी पुन्हा येईल, कारण झाड काढून टाकायचं ठरवलं की त्या आडव्या येतात.

याच कुळातलं दुसरं झाड, अरॅकिस ग्लॅब्राटा, कधी कधी याच नावाखाली विकलं जातं. ते जमिनीखालच्या जाड खोडांनी पसरतं, बी जवळजवळ धरत नाही, रेताड आणि कोरड्या जमिनीत जास्त टिकतं, पण पहिल्या वर्षी फारच रेंगाळतं. त्याच्या वरच्या फांद्यांच्या काड्या लावून उपयोग होत नाही. जमिनीखालचे तुकडेच लावावे लागतात. विकत घेताना पिशवीतलं रोप हलकेच उचलून बघा. आडव्या फांद्यांच्या पेरांना मुळं फुटलेली दिसली तर ते पिंटोई. पुढचं सगळं पिंटोईसाठी आहे.

जागा

दिवसातून चार-पाच तास ऊन मिळालं की फुलं भरपूर येतात. दिवसभराचं ऊनही चालतं, फक्त मग पाण्याकडे जास्त लक्ष हवं. अर्धसावलीत पानं मोठी आणि जास्त गडद होतात, फुलं कमी होतात. दाट सावलीत झाड जगतं, पण विरळ आणि लांबट होतं, आणि विरळ झालं की जमीन झाकायचं त्याचं कामच होत नाही. ज्या झाडाखाली दुपारीसुद्धा कवडसे पडत नाहीत तिथे हे लावू नका.

माती आम्लधर्मी असली तरी ते कुरकुरत नाही. त्याला न मानवणारी माती म्हणजे चुनखडीची. तिथे नवी पानं पिवळी पडतात. त्याबद्दल पुढे सांगते. पाणी एक-दोन दिवस साचलं तर सहन होतं, आठवडाभर तुंबलं तर मुळं कुजतात. त्यामुळे पावसाचं पाणी जिथे तळ्यासारखं साठतं तिथे आधी निचरा करून घ्या.

ज्यावर मुलं रोज खेळणार आहेत अशा मैदानासाठी हे झाड नाही. अधूनमधून पाय पडला तर बिघडत नाही, पण रोजच्या वाटेवर चार दिवसांत पट्टा उघडा पडतो. तिथे सपाट दगड टाकून मधल्या फटींत झाड येऊ द्या. शिवाय फुलांवर मधमाश्या येतात. अनवाणी चालणारी लहान मुलं घरात असतील तर ही गोष्ट आधीच ध्यानात घेतलेली बरी.

तण: इथे घाई केली तर पुढे पश्चात्ताप

लावणीआधी जमिनीतलं तण ओळखणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत महत्त्वाचं काम आहे. हंगामी तणाची फार चिंता करू नका. ते बियांपासून येतं, हाताने उपटलं जातं आणि पुढे सावलीखाली दबतं. खरे शत्रू दोनच: हरळी आणि लव्हाळा. दोन्ही जमिनीखालून येतात आणि दोन्ही शोभेच्या भुईमुगाच्या जाळीतून सहज डोकं वर काढतात. एकदा का फांद्या पसरल्या की त्यांच्यात गुंतलेली हरळी काढताना निम्मं झाड हातात येतं.

हरळीसाठी टिकाव किंवा कुदळीने वीत-दीड वीत खोल खणा, ढेकळं फोडा आणि पांढऱ्या काशा, म्हणजे हरळीची जमिनीखाली पसरलेली खोडं, हाताने वेचून काढा. फावड्याने नुसती माती उलटली तर काशांचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यातून नवी हरळी उगवते. वेचलेल्या काशा कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. उन्हात फरशीवर पसरून कडकडीत वाळू द्या, मगच टाका.

लव्हाळा जास्त चिवट. त्याच्या काळ्या गाठी जमिनीत खोलवर, एकमेकींना बारीक दोऱ्यासारख्या मुळांनी जोडलेल्या असतात. वरचं पातं उपटलं की गाठ खालीच राहते आणि काही दिवसांत नवं पातं पाठवते. खुरपं पात्याच्या बाजूने खोल घालून गाठीसकट उचलावं लागतं. एका खणणीत तो जाणार नाही, हे गृहीत धरूनच चाला.

म्हणून खणून झाल्यावर लगेच लावणी करू नका. वाफा सपाट करा, पाणी द्या आणि थांबा. दोन-तीन आठवड्यांत जे जमिनीत उरलंय ते वर येईल. हंगामी तणाची कोवळी रोपं खुरप्याने अगदी वरवर खरवडा, खोल जाऊ नका, नाहीतर खालच्या बिया पुन्हा वर येतात. हरळी-लव्हाळ्याचे कोंब दिसतील तेवढे मात्र खोलातून काढा. पुन्हा पाणी, पुन्हा वाट. अशा दोन फेऱ्या झाल्या की पुढच्या महिन्यांचे कष्ट निम्म्याने कमी होतात. तिसरी फेरी केलीत तर आणखी उत्तम, पण इतका धीर फार थोड्यांना असतो.

कडक उन्हाळ्यात जागा रिकामी असेल तर अजून एक उपाय आहे. माती चांगली भिजवा, वर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवा, कडा मातीत पुरा आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. आतली माती इतकी तापते की वरच्या थरातल्या बऱ्याचशा बिया मरतात. काळ्यापेक्षा पारदर्शक प्लास्टिकच घ्या. माती त्याखाली जास्त तापते. लव्हाळ्याच्या खोल गाठींपर्यंत ही उष्णता पोचत नाही, त्यामुळे तो असेल तर या उपायावर विसंबू नका.

वाफा तयार करणं

माती वीतभर खोल भुसभुशीत असली की पुरे. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट दोन बोटं जाडीचा थर होईल इतकं मिसळा. कच्चं शेणखत नको. त्यातून तणाचं बी येतं आणि आत्ताच केलेली सगळी वेचणी पाण्यात जाते. युरिया तर नकोच. हे द्विदल झाड आहे, मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतला नत्र ते स्वतः घेतं. वरून नत्र घातलं की या गाठी कमी होतात आणि खताचा फायदा तणालाच जास्त मिळतो. मातीत स्फुरद (फॉस्फरस) कमी असेल तर थोडं सिंगल सुपर फॉस्फेट मिसळायला हरकत नाही.

कुणाकडे जुना, चांगला वाढलेला पट्टा असेल तर काड्यांबरोबर तिथली घमेलंभर माती आणून वाफ्यात पसरा. योग्य जिवाणू तिच्याबरोबर येतात. अट एकच: त्या पट्ट्यात लव्हाळा नसावा. फुकटची माती घ्यायची आणि सोबत गाठी आणायच्या, हा सौदा महागात पडतो.

काड्या निवडणं आणि लावणं

बी सहज मिळत नाही आणि त्याची गरजही नाही. काड्या इतक्या सहज लागतात की एका कुंडीतल्या झाडापासून वर्षभरात मोठा वाफा भरता येतो. लावायला सगळ्यात चांगला काळ म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, किंवा हवा उबदार झाल्यावर तुम्हाला रोज पाणी द्यायला जमेल असा कोणताही महिना. थंडीत काड्या मरत नाहीत, पण नुसत्या बसून राहतात, आणि तेवढ्यात तण पुढे जातं.

काडी कुठली घ्यायची यावर बरंच अवलंबून असतं. टोकाचा कोवळा, लुसलुशीत भाग दिसायला छान असतो पण लवकर कोमेजतो. त्याच्या मागचा, थोडा जून झालेला, पेन्सिलीपेक्षा बारीक पण वाकवला तर मोडणार नाही असा भाग घ्या. लांबी १५ ते २० सेंटीमीटर, त्यात निदान चार पेरं. जमिनीला टेकून आधीच मुळं फुटलेला तुकडा मिळाला तर तो सोन्याहून पिवळा. खालच्या दोन-तीन पेरांवरची पानं हाताने काढून टाका, वरची एक-दोन ठेवा.

काड्या कापल्या की त्याच दिवशी लावा. तासाभराचाही उशीर होणार असेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. बादलीभर पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायची काही गरज नाही.

अंतराचा हिशेब सोपा आहे. दोन्ही बाजूंनी २५ सेंटीमीटर ठेवलं तर एका चौरस मीटरला १६ काड्या लागतात. २० सेंटीमीटर ठेवलं तर २५. म्हणजे दोन मीटर रुंद आणि तीन मीटर लांब वाफ्याला पहिल्या अंतराने ९६ आणि दुसऱ्याने १५० काड्या. माझं मत विचाराल तर काड्या पुरेशा असतील तेव्हा दाटच लावा. जास्तीच्या काड्यांना पैसे पडत नाहीत, आणि जमीन जितकी लवकर झाकली जाईल तितका तुमचा खुरप्याचा वेळ वाचेल. काड्या कमी असतील तर त्या सगळ्या जागेत विरळ पसरू नका. एक कोपरा दाट लावा, तो भरला की त्याच्याच काड्या काढून पुढचा भाग लावा. बाकीची जागा तोवर पालापाचोळ्याने झाकून ठेवा.

बोटाने किंवा खुरप्याच्या टोकाने तिरकी चर करा, काडी तिच्यात आडवी-तिरपी ठेवा, खालची दोन-तीन पेरं पूर्ण मातीखाली जातील आणि वरचं टोक बाहेर राहील असं बघा, मग माती दाबा. इथे हात जड चालला पाहिजे. माती सैल राहिली तर पेराभोवती हवा राहते आणि मुळं फुटायच्या आधीच काडी वाळते. दाबल्यावर काडीचं टोक हलकेच ओढून बघा. सुटून आली तर पुन्हा दाबा. उतारावर लावताना ओळी उताराला आडव्या घ्या आणि वरच्या ओळीतल्या दोन काड्यांच्या मध्यावर खालच्या ओळीतली काडी येऊ द्या. वाहतं पाणी मग सरळ खाली पळत नाही.

लावून झालं की झारीने सावकाश पाणी. पाइपचा जोरदार फवारा मारला तर दाबलेली माती निघून जाते.

पहिले तीन आठवडे

माती सतत ओलसर हवी, चिखल नको. ऊन कडक असेल तर रोज पाणी, ढगाळ असेल तर बोटाने माती चाचपून. पहिल्या आठवड्यात ठेवलेली जुनी पानं पिवळी पडून गळतात. ते बघून काड्या उपटून फेकू नका. खोड हिरवं आणि कडक आहे तोवर काडी जिवंत आहे. मुळं धरली की नाही हे बघायला काडी उपटू नये, हे सांगायला नको, पण मोह सगळ्यांनाच होतो. बगलेतून नवा हिरवा कोंब निघाला की समजायचं.

ओळींच्या मध्ये वाळलेलं गवत, भाताचा पेंढा किंवा पालापाचोळा पातळ पसरला तर ओल टिकते आणि तण कमी येतं. जाड थर मात्र नको. धावत्या फांद्यांच्या पेरांना मातीच लागली नाही तर मुळं फुटणार कशी? फांद्या ओळीबाहेर पळू लागल्या की मधला पाला बाजूला सारा.

तीन आठवड्यांनंतर एक दिवसाआड, महिना-दीड महिन्याने आठवड्यातून दोनदा, आणि पट्टा भरून आल्यावर हवेप्रमाणे आठवड्यातून एकदा भरपूर. रोज थोडं थोडं पाणी देत राहिलात तर मुळं वरच राहतात आणि एक आठवडा बाहेरगावी गेलात की सगळं माना टाकतं.

जमीन झाकली जाईपर्यंत

आता तो काळ येतो ज्यात बहुतेक लोक कंटाळतात. दर आठवड्याला एक फेरी मारा. तण दोन पानांचं असताना चिमटीत येतं आणि दहा मिनिटांत वाफा साफ होतो. तेच महिन्याने करायला गेलात तर अर्धा दिवस जातो आणि सोबत फांद्याही तुटतात. तण काढायला शक्यतो हातच वापरा. खुरपं चालवायचं तर फक्त ओळींच्या मधोमध, आणि फांद्या पळायला लागल्यावर तेही बंद.

फांद्या एकाच दिशेला धावत असतील तर त्यांना वळवून रिकाम्या जागेत आणा आणि एखाद्या पेरावर मूठभर माती टाका किंवा वाकवलेल्या तारेने ते जमिनीला टेकवून ठेवा. तिथे मुळं फुटतील. जिथे काड्या मेल्या तिथे लगेच नव्या लावा. उघडी जागा तण आपण होऊन भरतंच.

तीन महिन्यांच्या सुमाराला पहिली हलकी छाटणी करा, पट्टा पूर्ण भरला नसला तरी. लांब पळालेली टोकं खुडली की मागच्या पेरांतून बाजूचे कोंब फुटतात आणि झाड दाट होतं. खुडलेली टोकं थोडी जून असतील तर रिकाम्या जागी लावून टाका.

कुतूहल म्हणून या सुमाराला एक लहानसं झाड मुळासकट काढून धुऊन बघा. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान गाठी दिसतील. नखाने एखादी फोडा. आतून गुलाबी-लालसर निघाली तर नत्राचं काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती गाठ काम करत नाही. सगळ्याच तशा असतील आणि पानंही फिकी असतील, तर जुन्या पट्ट्यातली माती आणायचा उपाय आता करून बघा.

भरलेल्या पट्ट्याची देखभाल

वर्षातून दोन-तीनदा कात्रीने किंवा यंत्राने सात-आठ सेंटीमीटर उंची ठेवून छाटा. छाटल्यावर आठवडाभर पट्टा उजाड, काटक्यांचा दिसतो. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी छाटणी काढू नका, एवढंच. त्यानंतर नवी पानं आणि फुलं आधीपेक्षा जोमाने येतात. छाटणी टाळत गेलात तर खाली वाळक्या काड्यांचा थर साचतो, पावसाळ्यात त्यात ओल कोंडते आणि मधेमधे कुजलेले गोल डाग पडतात.

कडा हा वेगळा विषय. पट्टा स्वतःहून थांबत नाही. वाटेच्या कडेला विटा उभ्या पुरल्या तरी फांद्या त्यांच्यावरून जातात, म्हणून महिन्यातून एकदा कडेने फावड्याचं पातं सरळ खाली मारत जायचं आणि बाहेर आलेलं ओढून काढायचं. लहान रोपांच्या बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी ठेवा. कोवळ्या रोपाशी पाण्यासाठी त्याची स्पर्धा होते. मोठ्या झाडाला त्रास नसतो. पायवाट आणि दाराजवळचा भाग नेहमी बुटका ठेवा, म्हणजे खाली काय आहे ते दिसतं. दाट पाल्यात साप-विंचू दडू शकतात. अशा पट्ट्यात उघड्या हाताने चाचपडू नका. आधी काठीने हलवा.

खताची फार गरज पडत नाही. वर्षातून एकदा, छाटणीनंतर लगेच, चाळलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत वरून भुरभुरावं आणि पाणी द्यावं.

काही बिघडलं तर

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता, आणि कारण बहुधा चुनखडीची माती किंवा क्षाराचं पाणी. चिलेटेड लोहाची फवारणी पाकिटावरच्या प्रमाणात केली की पानं सुधारतात. तो तात्पुरता उपाय आहे. दरवर्षी कंपोस्ट देत राहणं जास्त कामाचं. जुनी पानं पिवळी पडून गळत असतील तर आधी पाणी तपासा, जास्त झालंय की कमी.

कोरड्या, तापलेल्या दिवसांत पानं धुरकट, बारीक ठिपक्यांची झाली तर पान उलटं करून बघा. बारीक जाळी आणि हलणारे ठिपके म्हणजे लाल कोळी. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा सलग काही दिवस मारला की बहुतेक वेळा भागतं, आणि तरी राहिला तर प्रादुर्भाव झालेला भाग खोल छाटून टाकायचा. छाटणी हेच या झाडाचं खरं औषध आहे. पावसाळ्यात पानांना मोठी भोकं दिसली तर रात्री टॉर्च घेऊन जा, गोगलगायी सापडतील. पट्ट्यात अचानक उकरलेले खड्डे दिसले तर उंदीर-घुशी शेंगांसाठी आलेत असं समजा.

थंडी, आणि इतर पर्याय

पाणी गोठेल अशी थंडी पडली की पानं काळी पडून जळतात. थंडी एक-दोन रात्रींचीच असेल तर हवा तापल्यावर जमिनीलगतच्या फांद्यांतून पुन्हा फूट येते. मेलेला पाला तोवर छाटू नका, तो खालच्या पेरांना पांघरूण होतो. दर हिवाळ्यात बर्फ पडत असेल तर मात्र दुसरं झाड निवडा. सावलीसाठी विंका मायनर, जो बर्फाखालीही हिरवा राहतो आणि वसंतात निळी-जांभळी फुलं देतो. ओलसर अर्धसावलीसाठी अजुगा, कोरड्या उन्हासाठी सरपटणारा थाइम. तणाचे नियम तिन्हींना तेच लागू.

एका झाडाबद्दल मात्र सावध करते. पिवळ्या डेझीसारखी फुलं येणारी वेडेलिया कुठेही, काहीही न करता पसरते आणि म्हणूनच कुणीतरी काड्या हातात ठेवतं. जगातल्या १०० सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. घराच्या कुंपणाबाहेर गेली की ओढे-नाले भरून टाकते. ती घेऊ नका.

शोभेचा भुईमूग तितका आक्रमक नाही, पण छाटलेल्या काड्या ओढ्याकाठी किंवा रानात टाकायची सवय त्याच्याही बाबतीत लावून घेऊ नका. पेर ओल्या मातीला टेकलं की तो तिथेही लागेल. काड्या उन्हात वाळवा, मग कंपोस्टमध्ये जाऊ द्या.

आणि कधी तो काढूनच टाकायचा झाला, तर आधी जमिनीलगत छाटा, मग फांद्या मुळासकट ओढून काढा, आणि जागा जाड पुठ्ठ्याने किंवा काळ्या प्लास्टिकने दोन-तीन महिने झाकून ठेवा. तरीही मातीत राहिलेल्या शेंगांतून पुढच्या पावसात रोपं उगवतील. ती चार पर्णिकांवरून लगेच ओळखू येतात आणि लहान असताना सहज उपटतात. दोन पावसाळे लक्ष ठेवा.